'नुसती सूज आहे, तुकडा काढू देऊ नका' म्हणणाऱ्यांना

रातकिडा: कालच्या पोस्टीत एकांनी ठणकावून लिहिलंय की मूत्राशयातल्या बऱ्याच गाठी नुसती सूज असतात, डॉक्टर उगाच कॅन्सरची भीती घालतात, तेव्हा तुकडा काढू देऊ नका. वाचून डोकं सणकलं. सूज असते हे खोटं नाही. मॅलाकोप्लाकिया (जुनाट जंतुसंसर्गातून येणारी सूज) घ्या, कॅथेटरमुळे येणारी पॉलिपसारखी सूज घ्या, सिस्टायटिस ग्लँड्युलॅरिस (मूत्राशयाच्या अस्तरात ग्रंथींसारखी वाढ) घ्या. दुर्बिणीतून पाहणारा मुरलेला डॉक्टरही फसतो. फसतो म्हणूनच तर बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं! मॅलाकोप्लाकियातल्या मायकेलिस-गुटमन बॉडीज (पेशींमधले खास गोल कण) १९०२ पासून माहीत आहेत, पण त्या दिसतात सूक्ष्मदर्शकाखालीच.

अबोली: तुम्हाला बोलायला काय जातंय. माझ्या आईची अख्खी किडनी काढली. सीटीवर कॅन्सर वाटला, रिपोर्ट आला झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस, म्हणजे जंतुसंसर्गाने किडनीला आलेली जुनाट सूज. खडा अडकलेला, वर्षभर येऊनजाऊन ताप. आम्ही घसा फोडून सांगत होतो.

रातकिडा: त्या आजारात किडनी बहुतेक वेळा निकामीच झालेली असते. आधी कळलं असतं तरी बहुधा काढावीच लागली असती.

अबोली: लागली असती, मान्य. पण महिनाभर आई मरणाच्या तयारीत होती. कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या तिने. ते कोण भरून देणार?

पारंबी: माझ्या भावाचं नेमकं उलटं. जळजळ, अधूनमधून लघवीला रक्त. आठ महिने 'इन्फेक्शन' म्हणून गोळ्या बदलत राहिले. कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) एकदाही जंतू उगवला नाही! शेवटी दुर्बीण घातली, लाल चट्टा दिसला, तोही सूज म्हणून सोडणार होते. निघाला कार्सिनोमा इन सिटू, म्हणजे अस्तरापुरताच असलेला कॅन्सर.

सडेतोड: म्हणून जळजळ झालेल्या प्रत्येकाला दुर्बीण घालत सुटायचं?

पारंबी: प्रत्येकाला कुठे म्हटलं? नीट वाचा तरी! रक्त जातंय, कल्चर कोरं आहे, तरी गोळ्याच? लघवीत पू आणि कल्चर कोरं म्हटलं की टीबीही बघावा लागतो, तोसुद्धा कॅन्सरसारखाच फसवतो. भावाच्या लघवीची सायटोलॉजीसुद्धा (लघवीत कॅन्सरच्या पेशी शोधण्याची तपासणी) कुणी केली नव्हती.

सडेतोड: आवाज चढवू नका. माझ्या वडिलांना मूत्राशयात बीसीजी (टीबीची लस, मूत्राशयाच्या कॅन्सरवरही देतात) दिल्यावर पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) वाढला, प्रोस्टेट हाताला कडक लागली. बायॉप्सीत ग्रॅन्युलोमा (सुजेतल्या पेशींचा पुंजका), बीसीजीमुळेच आलेली सूज. सुया टोचून काय मिळालं?

अबोली: कॅन्सर नाही हे कळलं ना! आम्हाला ते कळायला किडनी जावी लागली.

सडेतोड: बरं. बायॉप्सीला विरोध नाही. रिपोर्टच्या आधी 'कॅन्सर' शब्द काढायला आहे.

रातकिडा: मग संशय लपवायचा? मी पेशंट असतो तर मला सांगितलेलंच हवं होतं.

अबोली: सांगा ना संशय. पण आम्ही खड्याचं, तापाचं सांगतो तेही ऐकून घ्या.