१९४७च्या रुपयावर काळे ठिपके, आण्यावर हिरवं: नक्की काय आहे हे?

नमस्कार मंडळी,

आमचं घर देवगडला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. आजोबांची नाणी माजघरातल्या फडताळात, हिंगाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असायची. गेल्या वर्षी मी ती प्लास्टिकच्या अल्बममध्ये लावली. पावसाळा सरल्यावर उघडून पाहिलं आणि पोटात गोळाच आला.

पहिला १९४७चा वाघवाला रुपया. शुद्ध निकेलचा, लोहचुंबकाला चटकन चिकटतो. वाघाच्या पोटाखाली मोहरीहूनही बारीक सहा काळे ठिपके आहेत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवल्यावर त्यातले दोन बांबूच्या काडीने अलगद निघाले, खाली धातू गुळगुळीत. तो मळच. उरलेले चार मात्र खड्डे आहेत: कडा खरबरीत, तळ काळा. दहापट भिंगातून बघितलं तर एका खड्ड्याने वाघाच्या पायाची रेघच तोडलेली दिसते. टांकसाळीतला दोष म्हणावा, तर चार वर्षांपूर्वीच्या माझ्याच फोटोत तिथे काही नाही. खाऱ्या हवेतलं क्लोराइड निकेलवरचा संरक्षक थर एखाद्याच जागी फोडतं आणि तिथेच खोल शिरतं, त्यातलाच हा प्रकार वाटतो.

दुसरा १९५४चा बैलाचा आणा. यात तांबं ७५ टक्के, निकेल २५ टक्के, त्यामुळे चुंबकाला लागत नाही. नागमोडी कडेच्या खाचांत हिरवं धरलंय. पितळेच्या भांड्यावरच्या कळंकासारखं कोरडं, भुकटीसारखं असतं तर खाऱ्या हवेवर ढकललं असतं. पण हे चिकट आहे, काडीला लागून येतं. अल्बम पीव्हीसीचा असणार (हे मऊ प्लास्टिक पाझरून नाण्यावर असं चिकट हिरवं आणतं), नाही का?

आता विचारायचंय ते असं. रुपयावरचे खड्डे अजून पसरताहेत की थांबलेत, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? हिंगात गंधक असतं, त्याचा या काळेपणाशी संबंध असेल का? आण्यावर शुद्ध ॲसिटोन वापरायचा विचार आहे (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल-सुगंध असतात). कुणी स्वतः वापरलंय का, किती वेळ बुडवून ठेवलंत?

चिंच, लिंबू, राख कृपा करून सुचवू नका. काकांनी प्रेमापोटी एक आणा चिंचेने घासला होता. त्याची मूळ झळाळी कायमची गेली, बैलाच्या पाठीवर नुसते ओरखडे उरलेत.

दोन्ही नाणी अल्बममधून काढून सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवली आहेत. तिरप्या उजेडातले फोटो रात्री टाकतो. किनाऱ्यावर राहून नाणी जपणारे कुणी असाल तर जरूर लिहा.