मदत हवी आहे : सोळा वर्षांच्या मुलीच्या समुपदेशनाला संमती कोणाची लागते?

नमस्कार. माझ्या बहिणीची मुलगी सोळा वर्षांची आहे. गेले काही महिने तिला धड झोप लागत नाही, आणि ‘मला बाहेरच्या कोणाशी तरी नीट बोलायचे आहे’ असे तिने स्वतःहून मला सांगितले. मी तिला एका समुपदेशकांकडे घेऊन गेले. तिथला अर्ज तिने स्वतःच भरला. ‘येण्याचे कारण’ या रकान्यात बारीक अक्षरात चार ओळी लिहिल्या. खाली ‘पालकाची सही’ असे छापलेले पाहून तिचे पेन थांबले. “मावशी, माझी सही कुठे करायची?” अर्जावर तशी जागाच नव्हती. माझी सही चालेल का, असे विचारले तेव्हा आई किंवा वडीलच हवेत, असे उत्तर मिळाले आणि आम्ही परत आलो.

भावजींचा समुपदेशनालाच विरोध आहे. बहिणीला मुलीची अवस्था दिसते, परंतु ‘त्यांना विचारल्याशिवाय मी सही करणार नाही’ यापुढे ती जात नाही.

मी वकील नाही. तरी तेव्हापासून कायदा वाचते आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत व्यक्ती अल्पवयीन असते. सज्ञान रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला साथ देणारी व्यक्ती, स्वतः निवडता येतो, अल्पवयीनांच्या बाबतीत मात्र कलम १५ ते स्थान कायदेशीर पालकाला देते. रुग्णालयात दाखल करण्याविषयीचे कलम ८७ बरेच तपशीलवार आहे : दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणी करावी, मुलांना प्रौढांपासून वेगळे ठेवावे, ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावे, आणि मुलाची इच्छा कळू शकत असेल तर तीही विचारात घ्यावी. पण या मुलीला दाखल व्हायचे नाही, आठवड्यातून एक तास बोलायचे आहे, आणि अशा बाह्यरुग्ण समुपदेशनासाठी त्यात वेगळी वयोमर्यादा दिलेली नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ मध्ये बारा वर्षांखालील मुलाची संमती सर्वसाधारणपणे संमती मानलेली नाही. त्यावरून बारानंतरची संमती चालते असा अर्थ काही जण काढतात, मात्र त्या भरवशावर कोणी समुपदेशक दार उघडील असे मला वाटत नाही. इंग्लंडमध्ये १९६९ च्या कायद्याने सोळा वर्षांच्या मुलांची उपचारांची संमती ग्राह्य धरली आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात बाह्यरुग्ण मानसोपचारासाठी तेरा वर्षे पुरतात.

मला अधिक खुपणारी गोष्ट गोपनीयतेची आहे. मानसिक आरोग्य अधिनियमाचे कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते, परंतु नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याचे कर्तव्य बजावण्यापुरती माहिती देण्याची मुभाही ठेवते. म्हणजे ज्यांच्याविषयी बोलायचे, प्रतिनिधी म्हणून तेच समोर असण्याची शक्यता. अशा स्थितीत एकट्या आईची सही पुरते का? आणि मावशी या नात्याने मला काही करता येते का?

प्रतिसाद :

मावशी, मी या क्षेत्रात काम करते, म्हणून आधी सोपा मार्ग सांगते. आईची सही पुरावी. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असे शब्द असले, तरी वडील हयात असतानाही काही परिस्थितीत आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केले आहे. प्रत्यक्षात बहुतेक समुपदेशक दोघांपैकी एका पालकाच्या सहीवर काम सुरू करतात. त्यामुळे भावजींचे मन वळवण्यापेक्षा बहिणीला एकदा समुपदेशकांसमोर बसवा.

तुमच्यासाठी वाट मानसिक आरोग्य अधिनियमाच्या कलम १५ मध्येच आहे. पालक मुलाच्या हिताने वागत नसेल, तर मुलाच्या हितासाठी झटणारी कोणतीही व्यक्ती मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करू शकते आणि मंडळ दुसरा योग्य प्रतिनिधी नेमू शकते. आठवड्याच्या एका तासासाठी हे फार जड हत्यार आहे. दाखल करण्याची वेळ आली किंवा औषधोपचारच अडवले गेले, तर मात्र लक्षात ठेवा.

गोपनीयतेचे पहिल्याच भेटीत, आईच्या देखत ठरवून घ्या : काय घरी सांगितले जाईल आणि काय नाही. जिवाला धोका वाटल्यास समुपदेशक गप्प बसणार नाहीत, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हेही मुलीला त्याच वेळी स्पष्ट सांगायला हवे. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर ती दिवसरात्र केव्हाही बोलू शकते.

आणि पुन्हा जाल तेव्हा पालकाच्या सहीखाली एक ओळ हाताने आखून तिथे तिची सही घ्यायला सांगा. कायद्याने तेवढ्यावर भागणार नाही, पण आम्ही तशी घेतो.