यॉर्कचा बार्ली हॉल: जीर्णोद्धार की नवंकोरं जुनं घर?

चुनखडी: इंग्लंडमधल्या यॉर्कचा बार्ली हॉल बघून लोक 'काय मध्ययुगीन घर आहे!' म्हणत बाहेर पडतात. मी म्हणतो, ते १९९३ सालचं घर आहे. मूळ सांगाडा १३६० च्या सुमाराचा. १९८० च्या दशकात मोडकळीला आलेला, पाडायलाच निघाले होते. यॉर्क आर्किऑलॉजिकल ट्रस्टने वाचवला, इथवर उत्तम. पण नंतरच्या शतकांची भर उतरवून, सडलेल्या लाकडाजागी नवा ओक घालून घर १४८३ च्या आसपास नेऊन बसवलं. मधल्या पाचशे वर्षांत तिथे काय भुतं राहत होती? कलाकार-लेखक विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती जपणारी संस्था काढली ती असल्याच खरवडण्याविरुद्ध.

खुंटीमार: सडलेली तुळई जपून ठेवा, छप्पर डोक्यावर घ्या! नवा ओक ओलाच वापरतात. सुकताना तो आकसतो, भेगा पडतात. म्हणून कुशीचं (खाचेत बसणाऱ्या टोकाचं) भोक खाचेच्या भोकापासून किंचित सरकवून पाडतात. लाकडी खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळतो. ही विद्या केल्याशिवाय टिकत नाही. खिडकीला काचेऐवजी शिंग आहे, तेही बघा. शिंग तापवून मऊ करायचं, चिरून सपाट दाबायचं, मग पातळ तासायचं. मधाळ उजेड आत येतो, पलीकडचं दिसत मात्र नाही. आणि सामान नव्याने घडवलेलं, म्हणून खुर्चीत खुशाल बसता येतं.

चुनखडी: सुतारकाम झकास, वाद नाही. पण मग पाटीवर 'प्रतिकृती' लिहा.

खुंटीमार: यॉर्कमधल्याच ट्रेझरर्स हाऊस या जुन्या घरात लिहिलं होतं का? १८९७ ला उद्योगपती फ्रँक ग्रीनने ते विकत घेतलं, मजला काढून मनातला 'मध्ययुगीन' हॉल उभा केला. १९३० पासून नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था तोच हॉल जपतेय.

चुनखडी: म्हणजे थापही शंभर वर्षं टिकली की वारसा! त्यापेक्षा यॉर्कच्या किल्ल्याचा क्लिफर्ड्स टॉवर बरा. १६८४ च्या आगीत आतून जळाला. २०२२ मध्ये आत लाकडी खांबांवर गच्ची आणि टांगते मार्ग बसवले. नवं ते नवंच दिसतं.

बोळकर: एक थर दोघेही विसरलात. बार्ली हॉलमधली आडवी वाट पुढे सार्वजनिक बोळ झाली, ती बुजवलेली नाही. तिथे काचेची भिंत आहे; तिकीट न काढता हॉल बघून घ्या, मग भांडा.