पिट्युटरीची गाठ काढल्यावर बाजूचं दिसणं कधी परत येतं?

घोडबंदर_रोड:
वडील ५८ वर्षांचे. पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) अडीच सेंटिमीटरची गाठ नाकातून काढली, सहा आठवडे झाले. समोरचं नीट वाचतात, पण दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचं अजून अंधूक दिसतं. फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं ते मोजणारी) आधीपेक्षा बरी आहे, पूर्ण नाही. आता सुधारणा थांबली का? चष्मा बदलून फरक पडेल? स्कूटर मागतायत.

वाशी_ऑप्टोमेट्री:
थांबली असं सहा आठवड्यांत म्हणता येत नाही. गाठीचा डोळ्यांच्या नसांवरचा दाब सुटल्यावर पहिली सुधारणा काही तासांत किंवा दिवसांत दिसते, कारण दबलेल्या तंतूंतून संदेश पुन्हा जायला लागतात. पुढची सावकाश, आठवडे-महिने चालते. तंतूंवरचं मायलिनचं आवरण भरून यायला वेळ लागतो. काहींना वर्षानंतरही थोडी भर पडते. मेलेले तंतू मात्र परत येत नाहीत, म्हणून ऑपरेशनआधीचा ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन) रिपोर्ट काढून बघा. नर्व्ह फायबर लेयर, म्हणजे या तंतूंचा थर, फार पातळ झालेला नसेल तर आशा जास्त.

फील्ड दर वेळी त्याच मशीनवर, त्याच पॅटर्नने, म्हणजे प्रकाशाच्या ठिपक्यांच्या त्याच मांडणीने करा (२४-२ नावाची असेल तर २४-२च). रिपोर्टवर फिक्सेशन लॉस (नजर मधल्या खुणेवरून हलणं) २० टक्क्यांच्या वर असेल तर त्यावरून काहीच ठरवू नका, टेस्ट पुन्हा करा. जवळच्या नंबरची लेन्स लावलीय ना, पापणी वर धरलीय ना, हे तिथेच विचारा. लांबच्या प्रवासाने दमलेला माणूस ठिपके चुकवतो आणि फील्ड उगाच वाईट येतं. चष्म्याने वाचन सुधारेल, कडा नाही.

कळवा_नर्सिंग:
नजरेइतकंच नाकाकडे लक्ष ठेवा. पुढे वाकल्यावर पाण्यासारखं थेंब-थेंब गळत असेल, घशात खारट लागत असेल तर ते सर्दी समजू नका, मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. त्याच दिवशी सर्जनला कळवा. नजर अचानक घटली, डोकं प्रचंड दुखलं, तर थेट कॅज्युअल्टी. हायड्रोकॉर्टिसोन (शरीरात कमी पडणाऱ्या स्टेरॉइड हार्मोनची गोळी) चालू असेल तर एकही डोस चुकवायचा नाही. तापात डोस किती वाढवायचा ते आधीच लिहून घ्या. उलटीत गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं, घरी वाट बघू नका.

वाशी_ऑप्टोमेट्री:
स्कूटर नाही, हे ठामपणे सांगते. घोडबंदरला डावीकडून घुसणारी रिक्षा त्यांना दिसणारच नाही. डॉक्टरांनी नवीन फील्ड बघून परवानगी दिल्याशिवाय चावी देऊ नका. रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवून बघायची सवय लावा, नुसते डोळे फिरवून भागत नाही. सुईत दोरा ओवताना सुईपलीकडचं गायब होतं, अशी तक्रार आली तर घाबरू नका, दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कडा गेल्या की असंच होतं. पण जिना उतरताना आणि गॅसजवळ जपायला सांगा.