डायइलेक्ट्रिकला 'अपारक' म्हणायचं की 'रोधक'?

खाडीकाठ: पोरीची बारावी आहे, तिला कपॅसिटर मराठीतून समजवायला बसलो आणि डायइलेक्ट्रिकपाशीच, म्हणजे त्याच्या दोन पट्ट्यांमधल्या करंट न जाऊ देणाऱ्या पदार्थापाशीच, गाडी अडली. विश्वकोशात 'विद्युत् अपारक' आहे, हिंदीवाले 'परावैद्युत' म्हणतात. पंख्याचा कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटरच) बदलायला आलेला वायरमन म्हणाला, काका, करंट जात नाही ना, मग रोधकच म्हणा की. चालेल का?

मिठागरवाला: नाही चालणार. रोधक म्हणजे करंट अडवतो एवढंच. डायइलेक्ट्रिकमधून विजेचं बल आरपार जातं, फक्त आतले भार (विजेचे चार्ज) जागच्या जागी थोडे कलतात आणि उलटं क्षेत्र तयार करतात म्हणून ते कमी होतं. १८३७ च्या सुमारास शास्त्रज्ञ फॅरडेला याच गोष्टीसाठी शब्द हवा होता, तो ह्यूएल नावाच्या इंग्रज विद्वानाने करून दिला, त्यातल्या ग्रीक 'डाय'चा अर्थच 'मधून'! म्हणजे 'अपारक' बरोब्बर उलटा झाला की नाय? पाणीच घ्या ना, रोधक म्हणून अगदीच टुकार, खाडीचं तर सरळ करंट नेतं, पण शुद्ध पाण्याचा डायइलेक्ट्रिक आकडा साधारण ८०, म्हणजे तेवढ्याच अंतरावरच्या दोन भारांतलं बल हवेत असतं त्याच्या ऐंशीवा भाग. मिठातले सोडियम आणि क्लोरीन एकमेकांना घट्ट धरून असतात ते पाण्यात गेल्यावर सुटतात याचं एक मोठं कारण हेच. तेलाचा आकडा ३ च्या आसपास, म्हणून मीठ तेलात विरघळत नाही, तळाशी खडे तसेच.

देवगडकरीण: माझं भांडण 'भार'शी आहे. आमच्याकडे पावसात भार म्हटलं की भारनियमनच आठवतं, तो भार म्हणजे लोड. शाळेच्या पुस्तकात म्हणून 'प्रभार' बरा, पण मुलं लगेच विचारतात, मॅडम, प्रभारी मुख्याध्यापकांना हात लावला तर शॉक बसतो का?

मिठागरवाला: हा हा. तरी प्रभारच ठेवा. आणि अपारकच्या जागी 'कलमाध्यम' कसं वाटतं? कलणं आलं, मधून जाणंही आलं.

देवगडकरीण: कलमाध्यम ऐकलं की हापूसचं कलमच डोळ्यासमोर येतं हो. त्यापेक्षा सरळ डायइलेक्ट्रिक लिहा, नाहीतरी कपॅसिटर कुठे मराठी आहे.

खाडीकाठ: पोरीने दोन वाट्या घेतल्यात, एकीत पाणी, एकीत खोबरेल, दोन्हीत चमचाभर मीठ. पाण्यातलं कधीच गेलं, तेलातलं पंधरा मिनिटं ढवळतेय. आत्ता तिची आई विचारतेय की ते खारट खोबरेल आता डोक्याला कोण लावणार.