चप्पलच्या दुकानासाठी इन्स्टाग्राम: उपयोग होतो की नुसता गाजावाजा? सल्ला हवा

महाद्वारकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात भवानी मंडपाजवळ घरचं कोल्हापुरी चप्पलचं दुकान आहे. माल सुभाषनगरातल्या कारागिरांकडून येतो. सगळे म्हणतात इन्स्टाग्रामवर आलंच पाहिजे. एका एजन्सीनं महिना 15,000 सांगितलेत. त्यात 12 रील, 20 पोस्ट आणि तीन महिन्यांत 10 हजार फॉलोअरची हमी. माझ्याकडं रोज अर्धा-पाऊण तास आहे आणि बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा फोन आहे. पैसे द्यावेत का? की स्वतः करावं? आणि मुळात यातून चप्पल विकली जाते का? अनुभवाचे किस्से नकोत, नेमकं काय करायचं ते सांगा.

हिशेबाची_वही

फॉलोअरची हमी देणाऱ्याला आधी नमस्कार करून वाटेला लावा. कोण तुम्हाला फॉलो करणार हे एजन्सीच्या हातात नसतं, त्यामुळे आकड्याची हमी विकत घेतलेल्या खात्यांवरच देता येते. असे फॉलोअर व्हिडिओ बघत नाहीत. मग तुमचे खरे व्हिडिओही पुढं सरकत नाहीत, म्हणजे पैसे देऊन नुकसान. तपासायचं असेल तर एजन्सीकडं त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या इन्साइट्समधलं (खात्याच्या आकडेवारीतलं) "टॉप सिटीज", म्हणजे फॉलोअर कुठल्या शहरांतले आहेत ते, मागा. पुण्या-मुंबईऐवजी भलत्याच देशातली शहरं वर दिसली तर समजून जा.

आता विक्रीचं. इन्स्टाग्राम हे शोकेस आहे, गल्ला नव्हे. चप्पल विकली जाते व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा दुकानाच्या फळीवर. त्यामुळं लाइक मोजू नका. एका वहीत रोज तीन रकाने ठेवा: किती चौकशा आल्या, कुठून आल्या, किती जोड गेले. महिनाभरात उत्तर कागदावर दिसतं.

जाहिरातीचं गणित असं मांडा. रोज 200 रुपये, सात दिवस, म्हणजे 1,400. त्यावर 18 टक्के जीएसटी 252. एकूण 1,652. समजा 20 चौकशा आल्या आणि 3 जोड गेले, तर एका जोडीमागं साधारण 550 रुपये जाहिरात पडली. जोडीमागं सुटतात 400, तर तुम्ही घरचे पैसे घालताय. तेच 5 जोड गेले तर 330 पडतात आणि थोडं काहीतरी हाताला लागतं. म्हणून आधी जाहिरात नको. पहिले दोन महिने फुकटात व्हिडिओ टाका. ज्या रीलवर लोक आपणहून किंमत विचारतात, तेवढंच एक जाहिरातीला लावा.

लावताना "प्रोफाइल व्हिजिट" हे उद्दिष्ट निवडू नका, "मेसेज" निवडा. आयफोनच्या अ‍ॅपमधून बूस्ट केलं (पैसे देऊन रीलची जाहिरात केली) तर वरून अ‍ॅपलचं शुल्क लागू शकतं, त्यामुळं ते काम संगणकावर ब्राउझरमधून करा. आणि कोल्हापूर शहराला जाहिरात दाखवण्यात अर्थ नाही. इथल्या माणसाला चप्पल लाइन कुठं आहे हे सांगायला पैसे कशाला? पुणे, ठाणे, नाशिक धरा.

शुक्रवारपेठेतला_काका

माझं मत जरा वेगळं आहे. तुमच्या दुकानापुरतं बोलायचं तर इन्स्टाग्रामचा गाजावाजा जास्त आहे. तुमचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं असणार. ते माणूस मंडपात उभं राहून फोनवर नकाशा उघडतं आणि "कोल्हापुरी चप्पल" असं शोधतं, रील बघत बसत नाही. म्हणून पहिला अर्धा तास गूगलच्या बिझनेस प्रोफाइलला द्या. ते फुकट आहे.

तिथं लोक चुकतात ते असं. नकाशावरची खूण मागच्या बोळात पडलेली असते, ती बोटानं ओढून दुकानाच्या दारात आणा. फोटोत फक्त चप्पल असतात, पाटी नसते. रस्त्यावरून पाटी दिसेल असा एक फोटो हवाच, कारण तिथं दुकानाला दुकान लागून आहे. नवरात्रात वेळ वाढते, पण प्रोफाइलवर जुनीच राहते आणि रात्री नऊला उघड्या दुकानावर "बंद" दिसतं. त्यासाठी विशेष वेळा भरायची सोय आहे, ती वापरा. दुकान तुमचंच आहे याच्या पडताळणीला गूगल बहुधा व्हिडिओ मागतं. त्यात रस्ता, पाटी आणि कुलूप उघडताना तुम्ही, असं एकसलग घ्या, मध्ये तोडू नका. परीक्षणाचा (रिव्ह्यूचा) क्यूआर छापून गल्ल्याजवळ लावा. पैसे देताना गिऱ्हाइकाच्या हातात फोन असतोच, तेव्हाच विचारा. परीक्षण लिहिलं तर सूट देऊ, असं मात्र म्हणायचं नाही, ते गूगलच्या नियमांत बसत नाही.

तेली_कातडं

काका, दर्शनाच्या गिऱ्हाइकापुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर. पण पुढची जोडी तो माणूस कुठून घेणार? गावी गेल्यावर बाजारात दिसतो तो रेक्झीनचा, यंत्रावर शिवलेला माल, आणि त्यालाही नाव कोल्हापुरीच. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल दाखवली आणि नावच घेतलं नाही. त्यावर जो आवाज उठला तो सोशल मीडियावरच उठला, आणि शेवटी कंपनीला मूळ कुठलं ते मान्य करावं लागलं. म्हणजे माध्यमात ताकद आहे. प्रश्न आहे आपण दाखवतो काय.

दाखवायचं ते हे. कारागीर वादी ओवतो तो क्षण अगदी जवळून घ्या: आरीनं तळाला भोक पाडलं, कातड्याची बारीक वादी त्यातून ओढली, ताणली, वरून ठोकली. खिळा नाही, दोऱ्याची यंत्रशिलाई नाही. नंतर चप्पल उलटी करून तळाच्या कडेला दिसणारे थर दाखवा. खऱ्या मालात कडेला कातड्याचे थर दिसतात, नकली मालात पुठ्ठा किंवा रबर दिसतं. एवढ्या वीस सेकंदांत गिऱ्हाइकाला पारख येते आणि ते रील तो भावाला, मेव्हण्याला पाठवतो. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं, चपलेच्या बाजूचे कान, वेणी, अंगठा, प्रत्येकाचं स्वतंत्र रील होतं. बारा विषय इथंच झाले, एजन्सी कशाला?

एक जपा. कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) 2019 मध्ये मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण जीआयचं चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी लागते. ती नसताना बायोमध्ये "जीआय प्रमाणित" लिहू नका. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाकडं चौकशी करा, शक्यतो कारागिरालाही बरोबर न्या. आणि रीलमध्ये कारागिराचे नुसते हात दाखवू नका. त्याला विचारून, त्याची हरकत नसेल तर चेहरा आणि नावही दाखवा. कसब त्याचं आहे.

उजेडवाला

चित्रीकरणाचं सांगतो. यातच सगळे मार खातात.

दुकानातले पिवळे बल्ब बंद करा. त्या उजेडात तेली रंग तांबूस दिसतो, गिऱ्हाईक तांबूस समजून मागवतं आणि जोडी परत येते. सकाळी दारातून येणारा आडवा उजेड सगळ्यात चांगला. चप्पल दारापासून दीड-दोन फूट आत ठेवा, उजेड एका बाजूनं पडू द्या, म्हणजे वेणीचे पीळ उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला की कातडं प्लॅस्टिकसारखं चमकतं. बाजूला एक पांढरा कागद ठेवून बघा. कागद पिवळा दिसला तर चपलेचा रंगही खोटा दिसतोय.

लेन्स मऊ फडक्यानं पुसा, तेलाचे हात लागलेले असतात. स्क्रीनवर चपलेवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो, नाहीतर हात हलला की चित्र उजळ-अंधार होत राहतं. फोन उभा, 9:16. महत्त्वाचं काही खालच्या पाव भागात ठेवू नका, तिथं नाव आणि कॅप्शन येतं.

आवाज! बिझनेस खात्याला गाजलेली गाणी बहुतेक मिळत नाहीत, आणि दुसरीकडून घालून टाकली तर व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो. पण तुमच्याकडं करकर वाजणारी चप्पल आहे की! फरशीवर चार पावलं चालायची, फोन जमिनीपासून वीतभर उंचीवर, पंखा बंद. पहिल्या दोन सेकंदांत ती करकर आली पाहिजे. "नमस्कार, आमच्या दुकानात आपलं स्वागत आहे" यानं सुरुवात केली की माणूस पुढं सरकलाच.

जानेवारी 2025 मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी सांगितलंय की तीन गोष्टींना वजन आहे: किती वेळ पाहिलं, लाइक, आणि दुसऱ्याला पाठवणं. अनोळखी माणसांपर्यंत पोचायला पाठवणं जास्त कामाचं. त्यामुळं रील तीन मिनिटांचं चालत असलं तरी 15 ते 30 सेकंदांत संपवा. आठवड्याला तीन बस्स. हॅशटॅगचा ढीग नको, तीन-चार पुरे. त्यापेक्षा कॅप्शनमध्ये साधं वाक्य लिहा, "कोल्हापुरी कापशी चप्पल, पुरुषांसाठी, किंमत इतकी", देवनागरीत आणि रोमन लिपीतही. जुलै 2025 पासून व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगलच्या शोधातही येतात, तिथं शब्दच कामाला येतात. आणि किंमत लिहाच लिहा. "किंमत इनबॉक्समध्ये" वाचून निम्मी माणसं पुढं जातात.

महाद्वारकर (धागाकर्ता)

लै भारी माहिती, मनापासून आभार. दोन शंका. मापाचं काय करायचं? ऑनलाइन गेलेली चप्पल मापावरूनच परत येणार. आणि कुरिअरवाला वजन भलतंच लावतो, असं ऐकलंय.

तेली_कातडं

नंबर विचारूच नका, सेंटीमीटर विचारा. बुटाचा आठ नंबर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर हे पाठवा: संध्याकाळी मोजा, तेव्हा पाऊल थोडं फुगलेलं असतं. भिंतीला टाच टेकवून कोऱ्या कागदावर उभं राहा, बसून मोजलं तर माप कमी येतं. सगळ्यात लांब बोटापुढं खूण करा. दोन्ही पावलं मोजा, मोठं असेल ते धरा. मग चवड्याची रुंदी. कागदावर फूटपट्टी ठेवून फोटो मागवा, म्हणजे वाद राहत नाही. तळ पावलापेक्षा साधारण 1 सेंटीमीटर लांब हवा. लांबी वापरून वाढत नाही, पट्टा मात्र सैल होतो. म्हणून नवी चप्पल रुंदीला थोडी घट्ट चालते, लांबीला आखूड अजिबात चालत नाही. हे आणि "पहिले चार दिवस चावेल, पट्ट्याला आतून दोन थेंब खोबरेल लावा, पाण्यात भिजवू नका" एवढं चिठ्ठीवर छापून खोक्यात टाका. निम्म्या तक्रारी तिथंच थांबतात.

हिशेबाची_वही

वजन भलतं नसतं, ते आकारमानाचं असतं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5,000 नं भागायचं. बुटाचं जुनं खोकं 32 × 20 × 12 घेतलं तर 1.54 किलो धरतात. चपला एकमेकींना उलट-सुलट लावून 30 × 13 × 10 च्या खोक्यात बसवल्या तर 0.78. म्हणजे निम्म्यावर आलं. पण कान दबतील, म्हणून पट्ट्याखाली कागदाचा बोळा घाला. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेत आत दमटपणा राहतो आणि पोचेपर्यंत कातड्याला बुरशी धरते. कागदात गुंडाळा, सिलिका जेलची पुडी टाका, प्लॅस्टिक फक्त खोक्याच्या बाहेरून.

पैसे पोचल्यावर घेण्याची पद्धत सुरुवातीला टाळा. माणसानं दार उघडलं नाही तर जातानाचं आणि येतानाचं दोन्ही भाडं तुमच्या अंगावर. निदान 200 आगाऊ घ्या. राज्याबाहेर पाठवणार असाल तर जीएसटी नोंदणीचं आधी सीएला विचारा, तिथं उलाढालीची नेहमीची मर्यादा लागू पडेलच असं नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग जोडीवर 18. किंमत ठरवताना ही रेघ लक्षात ठेवा.

रंकाळ्याची_ताई

एक गोष्ट राहिली, सुरक्षितता. दादा, खातं उघडल्या दिवशीच दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून गल्ल्यात ठेवा. "तुमच्या खात्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, इथं लॉगिन करा" असा मेसेज येणारच, कुणाचाही असो, दुव्यावर टिचकी मारायची नाही. दुसरं, "वीस जोड हवेत, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारे येतात. पैसे घ्यायला स्कॅन आणि पिन लागत नाही, हे वडिलांनाही आजच समजावून सांगा. फसगत झालीच तर लगेच 1930 ला (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला) फोन, वेळ घालवायचा नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरची ब्रॉडकास्ट यादी (एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची) 256 जणांचीच असते, त्यातही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. म्हणून बिलावर नंबर छापा आणि सेव्ह करायला तोंडानं सांगा.

महाद्वारकर (धागाकर्ता)

ठरलं. एजन्सीला नाही कळवतो. या आठवड्यात गूगलचं प्रोफाइल आणि नकाशावरची खूण, पुढच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग, आणि मग सुभाषनगरात जाऊन वादीचं पहिलं रील. वही आजच घातली. कारागिरांना विचारलंय, ते चेहरा दाखवायला तयार आहेत.

उजेडवाला

सकाळी दहाच्या आत जा भावा. नंतर ऊन चढतं आणि वादीची सावली कडक पडते.