थारने कुंझुम ला: टायरमध्ये हवा किती, 4एल कधी?

कोरेगावकर: ऑगस्टअखेर साताऱ्याहून हिमाचलमधल्या स्पितीला निघतोय. थार डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर. मनाली, ग्राम्फू, बातल, कुंझुम ला खिंड (सुमारे 4,550 मीटर) आणि काझा असा बेत आहे. लाहौल-स्पिती जोडणारी जुनी वाट, म्हणून हीच करायचीय. हवा किती ठेवायची? 4एल (चारही चाकांना ताकद, वेग कमी, जोर जास्त) कधी लावायचा? नाल्यांचं काय?

घाटमाथा: दादा, आधी बेत उलटा करा. मनाली जेमतेम 2,000 मीटरवर. तिथून एका दिवसात खिंड गाठली की डोकं धरतं, उलट्या होतात. शिमला-किन्नौरमार्गे काझाला गेलात तर उंची हळूहळू चढते. मग कुंझुम उतरून बातलला मुक्काम करा आणि उजाडताच ग्राम्फूकडे निघा.

पहाटेच का? नाल्यांना हिमनदीचं पाणी. ऊन चढलं की बर्फ वितळतो, सकाळी घोटाभर असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं. थारची मर्यादा 650 मिमी, पण वाहत्या पाण्यात तेवढ्याच्या भरवशावर उतरू नका. काठीने तळ चाचपा. 4एल, पहिला गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा. मध्येच क्लच दाबायचा नाही. तळाशी धोंडे असतात, टायरची बाजू त्यांनीच फाटते. तिथे पंक्चर किट कामाचं नाही, स्टेपनी त्याच मापाची हवी.

कृष्णाकाठ, कराड: हवेबद्दल. वर बाहेरचा दाब कमी, त्यामुळे गेजवर साताऱ्यापेक्षा साधारण 5 पीएसआय जास्त दिसतात. गारठ्याने त्यातले तीन-चार उतरतात. म्हणून इथूनच हवा कमी करून निघू नका. तिकडे सकाळी, टायर गार असताना मोजा. खडीवर 25च्या आसपास ठेवा, फार खाली नको, धारदार दगडावर टायरची बाजू उघडी पडते. 12 व्होल्टचा कंप्रेसर जवळ ठेवा, डांबर लागलं की पुन्हा भरा.

कोरड्या डांबरावर 4एच (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या वेगासाठी) नको. थारला मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो. 4एल लावताना गाडी उभी, गिअर न्यूट्रल, क्लच दाबलेला. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडच्या कच्च्या रस्त्यावर हे हाताला बसवून घ्या. उतार पसरणी घाटासारखाच: खालचा गिअर, ब्रेक नुसता टेकवायचा.

कोरेगावकर: किन्नौरकडूनच जातो मग. डिझेल?

घाटमाथा: काझ्यात टाकी फुल्ल करा. मनाली तिथून सुमारे 200 किमी, मध्ये पंपाचा भरवसा धरू नका. 4एलमध्ये गाडी डिझेल चांगलंच पिते.